शेवंतीची आरोळी

सातपूरच्या काही कारखानदारांनी वर्गणी काढून स्वतःचं एक फायर स्टेशन उभं केलं होतं. त्याला फायर स्टेशन म्हणायचं तर मन मोठं पाहिजे. पत्र्याची शेड, एक लाल गाडी, पाण्याची टाकी आणि पाठीवर बांधून धुरात शिरायचे हवेचे दोनच संच. माणसं मात्र अस्सल होती. आणि त्या माणसांची एक रीत अशी होती, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, धुरानं ह्यांची डोकी फिरली.

आग विझली की गाडी धुवायच्या आधी, पाइप गुंडाळायच्या आधी, पाण्याचा घोट घ्यायच्याही आधी ही मंडळी रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी राहायची. समोर त्यांचा म्होरक्या, सहादू विधाते. मग एकेकानं पुढं यायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "शेवंती घ्या होऽऽ, पिवळी शेवंतीऽऽऽ!" सहादू डोळे मिटून ऐकायचा. शेवटचा 'ती' न फाटता लांबवर गेला, की म्हणायचा, "पुढचा."

हसू येतं ना? येऊ द्या. पण फकिराची गोष्ट ऐकल्यावरही हसू आलं तर मग बोलू.

फकिरा ह्याच गाडीवर होता, सगळ्यात धिप्पाड आणि सगळ्यात चेष्टेखोर. नव्वद सालानंतर कधीतरी रबराच्या एका गोदामाला आग लागली. फकिरा आतून बाहेर आला तो हसतच. तोंड काळं, भुवया जळालेल्या, आणि "मला काय नाय झालं" म्हणाला ते इतक्या चिरक्या आवाजात, की सगळे पोट धरून हसले. गाडीचा ड्रायव्हर पुंजा, त्यानं तर त्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली. मग फकिराला गुळाचा खडा दिला आणि वर तांब्याभर दूध पाजलं. छातीत धूर गेला की गूळ, हे सातपुरात शेंबडं पोरही सांगेल. फकिरा घरी गेला, जेवायला बसला, तर घास उतरेना. थोड्या वेळानं श्वास उतरेना. बायको रिक्षा शोधायला धावली, ती रिक्षा घेऊन आली तेव्हा रिक्षाचं काम उरलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात तेव्हा साधना मॅडम डॉक्टर म्हणून नव्यानंच लागलेल्या. सहादूनं त्यांनाच गाठलं आणि विचारलं, "मॅडम, हसणारा माणूस मरतो कसा?"

मॅडमनी त्याला बाकावर बसवून समजावलं. धूर आतून घसा भाजतो. भाजलेलं बोट सुजतं तसा घसाही सुजतो, पण लगेच नाही, सावकाश. तोवर माणूस बोलतो, चालतो, विनोद करतो. नाकात काजळी दिसली, नाकातले केस जळालेले दिसले, थुंकी काळी आली किंवा आवाज बसला, तर त्याला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, घरी पाठवायचं नाही. असेल तर ऑक्सिजन लावायचा आणि बसता ठेवून तडक दवाखान्यात आणायचं. सूज चढायच्या आत घशात नळी गेली तर माणूस वाचतो.

"आन आवाज बसलाय हे आमच्यातलं कोन सांगणार?" सहादू म्हणाला. "आमचे समदे मर्द. मुंडी हलवून नाय म्हणतील आन घरी जातील."

"मग मुंडी हलवू देऊ नका. बोलायला लावा," मॅडम म्हणाल्या.

सहादू मखमलाबादच्या माळ्याचा. घरी शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर. त्याची आई नवसाबाई डोक्यावर पाटी घेऊन निघायची ती रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंत फुलं विकून रिकामी पाटी घेऊनच परतायची. तिला त्यानं हे सांगितलं. म्हातारी म्हणाली, "बोलण्याव जाऊ नको. बसलेला आवाज बोलण्यात लपतो, आरोळीत नाय लपत. घसा बिघडल्यावर 'शेवंती' म्हणता येतं, 'शेवंतीऽऽऽ' नाय म्हणता येत. म्या काय कमी दिवस घसा बसवून घेतलाय?"

झालं. डॉक्टरीणबाईचं शहाणपण आणि आईची आरोळी, दोन्ही एकत्र करून सहादूनं आपली तपासणी बसवली. तिचा दुसरा अर्धा भाग त्याचा स्वतःचा. तो प्रत्येक नव्या माणसाला दम भरून सांगायचा, "ज्याची आरोळी फाटली त्याचं काय बी ऐकायचं नाय. तो म्हणेल मला काय झालं नाय, आईची आण घेईल, शिव्या घालील. उचलायचा आन न्यायचा." हर्षल नावाच्या एका गड्याला असाच उचलून नेला होता. तो वाटभर शिव्या देत गेला आणि दोन दिवस ऑक्सिजनवर राहून आला. त्यानंतर पोरांनी आरोळीला हसणं सोडलं. सहादूनं कारखानदारांच्या मंडळाच्या मागं लागून गाडीवर एक ऑक्सिजनचा सिलेंडरही मिळवला. कसा मिळवला ते विचारू नका. मंडळाचे लोक त्याला दारात बघितलं की मागच्या दारानं जायला लागले होते.

एकच गोष्ट होती. स्वतः सहादूनं आरोळी कधी दिली नाही. लहानपणी तो आईच्या मागं फुलांची टोपली घेऊन चालायचा, आणि नेमकी रविवार कारंजावर शाळेतली पोरं भेटायची. आई म्हणायची, "वरड की रं," आणि ह्याची दातखीळ बसायची. आख्ख्या खानदानात हा एक मुका निघाला, असं नवसाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ती लाज त्याच्या अंगात मुरली ती मुरलीच. पोरं विचारायची, "मामा, तुमची आरोळी?" तो म्हणायचा, "मी ऐकणारा हाय." विषय संपला.

आता थेटे शेठ. मंडळाचे अध्यक्ष, पांढऱ्या गाडीतून फिरणारे, गाडीच्या सीटवरही पांढरे अभ्रे. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला कुणी हसलं की त्यांचा तोल जायचा. आणि एका दुपारी त्यांच्याच रंगाच्या डब्यांच्या गोदामाला आग लागली. गोदाम गेलं, शेजारचा कारखाना वाचला. शेठ डोक्याला हात लावून फुटपाथवर बसले होते, तेवढ्यात कानावर आलं, "शेवंती घ्या होऽऽ!" त्यांनी मान वर केली. काळेठिक्कर पडलेले फायरमन एकामागून एक पुढं येऊन त्यांच्या जळक्या गोदामासमोर फुलं विकत होते. त्यात पाळी सुटून घरी निघालेली एक बाई पिशवी उघडत पुढं आली आणि तिनं विचारलं, "दादा, कशी दिली शेवंती?"

बघ्यांमध्ये जो हशा पिकला, तो शेठच्या जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी सहादूला बोलावणं आलं.

"माझं गोदाम जळतंय आन तुमी माझ्या दारात बाजार मांडता?"

"बाजार नाय शेठ, तपासणी हाय ती."

"तपासणी डॉक्टर करतो. लोक तोंडावर हसत्यात माझ्या. पुन्हा ही आरोळी ऐकू आली तर तू घरी."

"आरोळी बंद करायची तर आधी आगी बंद करा," सहादू म्हणाला.

"उलटं बोलतो?"

"उलटं नाय, मोठ्यानं बोलतो. माझी पोरं मोठ्यानं बोलतात म्हणून जित्ती हायेत."

शेठनी दाराकडं बोट दाखवलं. सहादू गेला, पण जाताना त्यानं दार असं लावलं की भिंतीवरचा गणपतीचा फोटो हलला.

घरी बायकोला, छायाला, त्यानं सगळं सांगितलं. ती झेंडूचे हार ओवत होती. तिनं विचारलं, "आन नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. मळा हाय ना."

"मळ्यातला माल इकायला आरोळी लागती. ती तुमाला येत नाय," छाया म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

पुढची मोठी आग गाद्यांच्या एका कारखान्याला लागली. सहादू पोचला तेव्हा खिडक्यांमधून पिवळट काळा धूर मळीसारखा बाहेर ढकलला जात होता. फोम जळतो तेव्हा ज्वाळेला भ्यायचं नसतं, धुराला भ्यायचं असतं, हे तो पोरांना जेवताना-उठताना सांगायचा. ललित आणि नाथा पाठीवर संच बांधून आत गेले, हवा संपेस्तोवर पाणी मारत राहिले आणि संपल्यावरच बाहेर आले. आग दबली. आणि तेव्हा कारखान्यातला एक कामगार ओरडला, "भिका कुठंय? भिका मागच्या खोलीत हे!"

दोन्ही संच रिकामे होते. सहादूनं खांद्यावरचा पंचा पाण्यात बुचकळला, तोंडाला बांधला आणि आत शिरला. ओल्या फडक्यानं हा धूर अडत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? असं करणाऱ्या पोराला त्यानं एकदा सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. पण मागच्या खोलीत माणूस होता, आणि संच भरून येईपर्यंत तो राहिला नसता. पुंजा त्याच्या नावानं शिव्या देत दारात उभा राहिला.

सहादू बाहेर आला तो भिकाला काखेत धरून, फरफटत. भिका शुद्धीवर नव्हता, पण छाती हलत होती. कारखान्याची जीप तयारच होती. सहादूनं स्वतः ऑक्सिजनचा सिलेंडर गाडीवरून काढला, मास्क भिकाच्या तोंडावर बसवला, हर्षलला सोबत बसवलं आणि जीपच्या पत्र्यावर थाप मारली. जीप गेली. सहादू गाडीच्या पायरीवर टेकला.

त्याचं डोकं ठणकत होतं. सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल, त्याला वाटलं. कुणीतरी पाणी पुढं केलं, ते घशाखाली जाईना, त्यानं थुंकून टाकलं. गर्दी फार आहे, गर्दीनं जीव कोंडतो, त्याला वाटलं. समोर एक दणकट गडी उभा होता, त्याला तो म्हणाला, "फकिरा, पाइप गुंडाळायला घे."

तो नाथा होता. नाथानं मागं वळून पाहिलं, मग खांदे उडवले. मामा दमलेत, त्याला वाटलं.

तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली आणि थेटे शेठ उतरले. अध्यक्ष म्हणून त्यांना आत डोकावल्याशिवाय राहवेना. दारात उभं राहून त्यांनी धुरात मान घातली, खोकले, डोळे पुसत परत आले आणि हाताची घडी घालून सहादूसमोर उभे राहिले. रस्त्यावर पाळी सुटलेल्या कामगारांची ही गर्दी. पोरं एकदा शेठकडं बघत होती, एकदा सहादूकडं.

सहादू उठला. पाय जरा लटपटले, पण त्या घडी घातलेल्या हातांकडं बघून ते आपोआप ताठ झाले.

"लाईन!" त्याचा आवाज घोगरा आला. सगळ्यांना वाटलं, इतका वेळ हुकूम देऊन देऊन बसला.

कुणी हललं नाही. नाथा हळूच म्हणाला, "मामा, शेठ हायेत."

"दिसतंय मला. नोकरी माझी जाईल, तुमचा गळा तर ऱ्हाईल. लाईन म्हणलं ना!"

ओळ उभी राहिली. नाथा पुढं आला. "शेवंती घ्या होऽऽ, पिवळी शेवंतीऽऽऽ!" स्वच्छ. पुढचा. ललित. त्याचा आवाज जन्मजात खणखणीत, त्यानं शेठकडं बघूनच आरोळी ठोकली. पुढचा. पुंजा दारात उभा होता म्हणून त्यालाही म्हणावं लागलं, म्हाताऱ्याची आरोळी सरळ गेली. शेठच्या कपाळावरची शीर टचटच उडत होती.

"झालं तुमचं?" शेठ म्हणाले. "उद्यापासून येऊ नको सहादू."

आणि ललितची जीभ, जी कधी जागेवर राहत नाही, ती सुटली. "मामा, नोकरी गेलीच हाय, तर जाता जाता तुमची पण एक होऊन जाऊ द्या की!"

एरवी सहादू म्हणाला असता, मी ऐकणारा हाय. पण त्या क्षणी त्याच्या मनात शाळेतली पोरं नव्हती, रविवार कारंजा नव्हता. समोर तो पांढरा शर्ट होता आणि ती हाताची घडी. ह्याला दाखवतोच, असं त्याच्या मनात आलं. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून पुंजाच्या हातात दिलं, छाती भरून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"शेवंती घ्या..."

'हो' आलाच नाही. बिजागरी करकरावी तसं काहीतरी घशातून निघालं आणि मध्येच तुटलं.

सगळे हसले. ललित हसला, नाथा हसला, कामगार हसले, इतका वेळ तोंड फुगवून उभे असलेले शेठसुद्धा फिस्सकन हसले. वीस वर्षं दुसऱ्यांना ओरडायला लावणारा मामा स्वतः असला भोंगा! नवसाबाईचा मुका पोरगा! सहादूलाही आपलं हसू आलं. आपल्याला येत नाहीच, हे तर ठरलेलंच होतं.

पुंजाही हसत होता, आणि हसता हसता थांबला. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. रबराच्या गोदामासमोर त्यानं ते ऐकलं होतं, स्वतः त्यात सगळ्यात मोठ्यानं हसला होता.

"गप बसा!" तो असा ओरडला की रस्ता गार पडला. "नाथा, टॉर्च आण."

त्यानं सहादूची हनुवटी धरून मान वर केली. नाकपुड्यांच्या आत काजळीचा थर, आणि केस जळून त्यांच्या गाठी झालेल्या. "थुंक," पुंजा म्हणाला. सहादू थुंकला. पुंजानं ते बुटानं पसरलं, काळंकुट्ट, आणि मग कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

नाथाचा चेहरा पांढराफटक झाला. "मला मघाशी फकिरा म्हणले," तो म्हणाला.

"गाडी धुवा," सहादू म्हणाला. आता ती नुसती कुजबुज होती. "मला काय नाय झालं. उपाशी हाय मी. गाडी धुवा आधी."

"दूध आणा रे कुणीतरी," शेठ घाबरून म्हणाले. "गूळ द्या त्याला."

"थेंबभर काय पाजायचं नाय त्याला!" पुंजा अध्यक्षांवर खेकसला. सिलेंडर भिकाबरोबर गेला होता, जीपही गेली होती, आणि ती लाल गाडी गावातून दवाखान्यापर्यंत न्यायची तर पाइप सोडवण्यातच वेळ गेला असता. पुंजानं पांढऱ्या गाडीकडं पाहिलं आणि हात पुढं केला. "शेठ, चावी."

शेठनी सहादूच्या काळ्या कपड्यांकडं पाहिलं, आपल्या पांढऱ्या सीटांकडं पाहिलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी. "चावी कशाला? बसवा. मीच चालवतो," ते म्हणाले.

सहादू बसेना. त्यानं ललितला ढकललं, नाथाला कोपर मारलं, कुजबुजत्या आवाजात दोघांच्या सात पिढ्या काढल्या. तो म्होरक्या होता, गाडी धुतल्याशिवाय तो कधी हललेला नव्हता, आणि ही कालची पोरं त्याला शिकवणार? त्याला खरंच वाटत होतं की ह्या सगळ्यांना वेड लागलंय.

ललितनं त्याला कंबरेतून उचलला. ललितच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पकड ढिली झाली नाही. "आरोळी फाटलेल्याचं ऐकायचं नाय, मामा," तो म्हणाला. "तुमचाच हुकूम हाय. घाला किती शिव्या घालायच्या त्या."

गाडीत त्याला आडवा होऊ दिला नाही, ललित आणि नाथानं मध्ये धरून बसता ठेवला, काचा उघड्या. शेठ हॉर्नवरचा हात काढत नव्हते. त्र्यंबक नाक्यापर्यंत येता येता सहादूच्या प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. शिव्या थांबल्या होत्या. आणि तेव्हा, त्या शिट्टीतून, सहादूला पहिल्यांदा कळलं की हे आपल्याला होतंय. त्याला भीती वाटली. इतकी भीती त्याला धुरात कधी वाटली नव्हती. त्यानं ललितचा हात धरला आणि पुन्हा ढकलला नाही.

साधना मॅडमचे केस आता पांढरे झाले होते. सहादूला बघताच त्यांनी प्रश्न कमी आणि हुकूम जास्त सोडले. नाथानं घाईघाईत फकिरा म्हणाल्याचं सांगितलं. तोंडावर ऑक्सिजन आला. एका नर्सनं बोटाला चिमट्याचं यंत्र लावलं, आकडा झकास आला.

"मग सुटलो म्हणायचं," शेठ कपाळ पुसत म्हणाले.

"धुराला हे यंत्र भुलतं," मॅडम म्हणाल्या. "रक्तात ऑक्सिजनच्या जागी धुराचा वायू बसला तरी ते छानच सांगतं. ह्यांनी माणसाला भलत्याच नावानं हाक मारली ना? मी ते ऐकते." त्यांनी सहादूच्या घशात उजेड टाकून पाहिलं आणि नळीची तयारी करायला सांगितलं. "आत्ता जाईल. थोड्या वेळानं जायला जागा राहणार नाही."

सहादूनं मास्क बाजूला केला. "पोरं... समदी म्हणली," तो म्हणाला. "एक शेठ ऱ्हायले. धुरात डोकावले होते."

"तुम्ही आता गप्प बसा," मॅडम म्हणाल्या. त्याला एवढंच आठवतं.

शुद्ध आली ती घशात नळी आणि शेजारी भात्यासारखं चालणारं यंत्र घेऊन. छाया उशाशी होती. बोलता येईना, हात पलंगाला बांधलेले. तो डोळ्यांनी काहीतरी विचारत राहिला, तळमळत राहिला, नर्सनं दोनदा दटावलं. छायानं भिका वाचल्याचं सांगितलं, आई बरी असल्याचं सांगितलं, गाडी धुतल्याचंसुद्धा सांगितलं. तरी तळमळ थांबेना. मग तो बोटानं आपल्याच गळ्याकडं खूण करायला लागला, आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. ती उठून खिडकीशी गेली. वॉर्ड तळमजल्यावर होता, पोरं अंगणात ठाण मांडून बसली होती.

"अरे, त्यांना ऐकायचंय!" ती म्हणाली.

मग सरकारी दवाखान्याच्या आवारात भरदुपारी आरोळी उठली. पहारेकरी काठी आपटत धावला, "इथं फुलं इकायला मनाई हे!" कुणी त्याला जुमानलं नाही. नाथा. सहादूनं पलंगाच्या लोखंडी कडेवर बोटाच्या पेरानं टक् केलं. ललित. टक्. हर्षल. टक्. पुंजा. टक्. मग कुणीतरी तोंडातल्या तोंडात म्हणालं, "शेवंती घ्या हो."

छायानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "शेठ, असं कोन फुलं घेईल? मोठ्यानं!"

थेटे शेठनी इकडंतिकडं पाहिलं. व्हरांड्यात पन्नासेक माणसं उभी होती आणि सगळी हसायच्या तयारीत होती. शेठनी डोळे मिटले आणि मंडळाच्या अध्यक्षाला न शोभेल अशी आरोळी ठोकली. ती कोंबड्यासारखी होती, पण शेवटपर्यंत गेली. सहादू बराच वेळ थांबला, मुद्दामच. मग टक्. त्यानंतर तो शांत झोपला.

नोकरीचं पुढं कुणी काढलं नाही. शेठनी हवेचे आणखी संच घेतले आणि गाडीतल्या सीटांचे अभ्रे बदलले. आता ते करडे होते.

सहादूचा आवाज परतायला फार दिवस लागले. तो कामावर रुजू झाला त्यानंतरची पहिली आग पुठ्ठ्यांच्या एका कारखान्यातली होती, लहानशीच. विझली. गर्दी होतीच, पाळी नुकतीच सुटलेली. पोरं सवयीनं ओळीत उभी राहिली आणि सहादूच्या हुकमाची वाट बघू लागली. सहादू समोर उभा राहिला नाही. तो चालत आला आणि ओळीत पहिला उभा राहिला.

"पुंजा, तू ऐक," तो म्हणाला.

पुंजा समोर गेला आणि त्यानं डोळे मिटले. सहादूनं हेल्मेट काढलं. घशात खरखर होती, सूर तर नव्हताच, आणि अख्खा रस्ता बघत होता. बघू दे. त्यानं छाती भरून घेतली.

"शेवंती घ्या होऽऽ! पिवळी शेवंतीऽऽऽ!"

आरोळी वाकडी गेली, खरखरली, पण तुटली नाही. रस्त्यापलीकडच्या टपरीवरचे लोक वळून बघू लागले. ललितला हुंदका आला, तो त्यानं खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला आणि नाथानं लगेच त्याच्याकडं संशयानं पाहिलं. पुंजा डोळे मिटूनच उभा होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

सहादू पुन्हा ओरडला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, पार रविवार कारंजापर्यंत ऐकू जाईल असा.

पुंजानं डोळे उघडले. ते लाल झाले होते. त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "पुढचा."